खंडेनवमीचा नारळ

१९७८ साली आमच्या पिंपरीच्या कंपनीत पॅराशूटनं उडी मारायला नऊ जणांनी नावं दिली. प्रत्यक्षात दोघेच उरलो: मशीन शॉपमधला हिंदुराव आणि मी. मी कसा उरलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी कंपनीच्या ग्रंथालयात होतो आणि या विषयावरचं आमच्याकडचं एकुलतं एक पुस्तक वाचलं होतं, एवढंच.

शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले यशवंतराव होते. पॅराशूट दोन. एक लहान, तांबडं-पिवळं, हवं तिकडं वळवता येणारं. दुसरं मोठं, खाकी, नुसतं सावकाश उतरणारं. नवशिक्यानं मोठं घ्यावं, असं पुस्तकात होतं. मी ते निवडलं, तेव्हा हिंदुरावानं विचारलं, "वर वाचायला दिवा बी हाय का त्यात?"

खंडेनवमीला कंपनीत अवजारांची पूजा झाली. पान्यांच्या शेजारी दोन्ही पॅराशूटंही मांडली होती. नारळ फोडायचा मान मला दिला. माझा हात चुकला आणि निम्मं पाणी खाकी पिशवीच्या झाकणाखाली गेलं. कुणी पाहिलं नाही. मी रुमालानं पुसलं. चारचौघांत सांगायची लाज वाटली. पॅराशूट माझंच आहे, सकाळी यशवंतरावांना एकट्यात सांगू, असं ठरवलं.

दसऱ्याला चाकणजवळच्या माळावर विमान उभं होतं आणि यशवंतराव काही एकटे सापडेनात. यशवंतरावांनी कांदाबाजारातून काटा आणवून आम्हाला पोत्यांसारखं तोललं. मी अठ्ठेचाळीस किलो, हिंदुराव ब्याऐंशी. वजनदार माणसाला मोठी छत्री, म्हणत त्यांनी खाकी पॅराशूट त्याच्या पाठीवर चढवलं. कुरुळीहून त्याची आई गोजाबाई आणि निम्मी भावकी बघायला आली होती.

"त्यात नारळाचं पाणी गेलंय," मी म्हणालो. नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू गेलं नाही. हिंदुराव विमानात चढू लागला, तेव्हा मी त्याचा पट्टा धरला आणि पुन्हा म्हणालो.

"भ्यायचं तुमी आन् उतरायचं मी व्हय?" तो म्हणाला. भावकी हसली. मी पट्टा सोडला नाही.

यशवंतरावांनी ताडपत्रीवर पिशवी उघडली. कापडाच्या दोन घड्या चिकटून बसल्या होत्या. त्या ओढून सोडवताना आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला. हे वेळेवर उघडलंच असतं असं मी सांगू शकत नाही, एवढंच ते म्हणाले आणि त्या दिवशीच्या उड्या रद्द केल्या. गोजाबाईंनी लेक उतरल्यावर ओवाळायला आणलेलं ताट झाकलं.

पॅराशूटं धुऊन, वाळवून, पुन्हा घड्या घालून पंधरा दिवसांनी आम्ही उड्या मारल्या. माझे पट्टे हिंदुरावानं चार वेळा तपासले. लहान पॅराशूट घेऊन, वळवायची दोरी एकदाही न ओढता, मी थेट कुणाच्या तरी कांद्यात उतरलो.

पुढच्या खंडेनवमीला नारळ हिंदुरावानं फोडला. मला सगळ्यांनी मिळून दाराबाहेर उभं केलं होतं.