मला हार घालू नका

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. देव नाही, संत नाही, कुणाचा गुरूही नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या आयुष्यातली काही वर्षं अशी गेली, की लोक मला नमस्कार केल्याशिवाय खाली बसत नसत. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. माझ्या पोटात कॅसेट नावाची एक चपटी डबी बसते. त्या डबीत तपकिरी फीत असते आणि फितीवर माणसाचा आवाज राहतो. बटण दाबलं की मी फीत फिरवतो आणि आवाज बाहेर येतो. माझं काम एवढंच.

कारखान्यातून निघालो तो थेट बुऱ्हाणपूरला, इतवाऱ्यातल्या एका दुकानात आलो. एका बाजूला इस्त्री आणि दुसऱ्या बाजूला मिक्सर, अशा शेजारात बरेच दिवस काढले. मग एके दिवशी मोतीरामभाऊ आले. उंच, सडपातळ, बोलायला इतके घाईचे की दुकानदाराला त्यांचं पहिलं वाक्य कळेपर्यंत त्यांचं तिसरं वाक्य झालेलं असायचं. त्यांनी मला उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून लोधीपुऱ्यात आपल्या घरी नेलं.

मोतीरामभाऊ महाराष्ट्रातून कागदाच्या कारखान्यात नोकरीला आलेले. बौद्ध घरातले. तरुणपणी कुठल्याशा विहारात ध्यान शिकले आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत येईल त्याला शिकवू लागले. शेतकरी यायचे, कारखान्यातले जुने सोबती यायचे, बायका यायच्या. जात-धर्म कुणी विचारत नसे. नाकाशी श्वास येतो आणि जातो, तो नुसता बघत बसायचं, हीच त्यांची शिकवण. पाया पडून घेणं त्यांना मुळीच आवडत नसे. ते पाय पोटाशी घेऊन बसायचे आणि तरीही कुणी वाकलंच, तर गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "खाली काही पडलं का?" त्यांच्या पत्नी रंभाबाई आतून खुदकन हसायच्या. या रंभाबाईंना सगळे माई म्हणत. मला ते घर फार आवडायचं.

पुढे भाऊंचा घसा बिघडला. आवाज जाईल या भीतीनं त्यांनी माझ्यासमोर बसून आपली शिकवण फितीवर भरली. सुरुवातीला सूचना, मग बराच वेळ शांतता, आणि शेवटी, 'आता सावकाश डोळे उघडा.' सुरुवातीच्या सूचनांत एक वाक्य आहे. ते म्हणताना भाऊ माझ्याकडे इतके झुकले होते, की त्यांचा श्वास माझ्या जाळीवर लागला. 'मी सांगतो म्हणून मानू नका. बुद्धांनी सांगितलं म्हणूनही मानू नका. स्वतः करून बघा, पटलं तर घ्या.' मी आयुष्यात गाणी वाजवली, बातम्या वाजवल्या, पण याहून सरळ बोलणारा माणूस मला भेटला नाही.

भाऊ गेले. लोधीपुऱ्यातली खोली माणसांना पुरेना, तेव्हा फोपनार गावच्या उखर्डू आबांनी आपल्या केळीच्या मळ्यातली शेड दिली. पूर्वी तिथे केळीचे घड धुऊन ठेवत. उखर्डू आबा म्हणजे मोठ्या मनाचा माणूस. जागा देऊन त्यांनी कधी पुढची बैठक मागितली नाही, मागे भिंतीशी बसायचे. व्यवस्था भाऊंच्या भूषण नावाच्या शिष्यानं हाती घेतली. लोधीपुऱ्यात त्याचे कापड विणायचे लूम होते, पण भाऊंच्या आजारपणात तो लूम भावावर सोपवून रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसला होता. असा शिष्य मिळायला भाग्य लागतं, हे मी आजही म्हणेन.

पण मित्रांनो, प्रेमाचा तोलही कधी जातो. शेडमध्ये बुद्धांच्या मूर्तीशेजारी एक चौरंग आला, चौरंगावर रेशमी कापड आलं आणि कापडावर मी. भूषणनं एके दिवशी मला झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी कुणी उदबत्ती लावली. आठवडाभरात आरतीचं तबक माझ्याभोवती फिरू लागलं. भूषणखेरीज कुणी मला हात लावायचा नाही, माझं झाकण उघडायचं नाही, आवाज मोबाइलमध्ये घ्यायचा नाही, असे नियम झाले. भिंतीवरचं घड्याळही उतरवलं. गुरुजींच्या वाणीपुढे घड्याळ कशाला, असं भूषणचं म्हणणं. भाऊंचे आता गुरुजी झाले होते.

सगळ्यांत गंमत त्या वाक्याची. 'मी सांगतो म्हणून मानू नका,' असं माझ्यातून आलं, की सगळी शेड हात जोडून, बौद्ध रीतीप्रमाणे एका सुरात म्हणायची, "साधू, साधू, साधू!" आणि पुढे मुकाट्यानं सगळं मानायची. मला हसता येत असतं तर फीतच तुटली असती.

उदबत्तीची राख माझ्या जाळीतून आत जाऊ लागली. हारांचं पाणी झिरपू लागलं. फीत फिरवणारा माझा रबरी पट्टा आधीच म्हातारा, तो सैल पडला. फीत हळू फिरू लागली आणि भाऊंचा आवाज जड, खोल, लांबट येऊ लागला. कुणीतरी झाकण उघडून बघेल, याची मी वाट बघत होतो. पण लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुरुजींचा आवाज किती गंभीर झाला," ते एकमेकांना सांगू लागले. "वरच्या अवस्थेतून बोलून राहिले गुरुजी." फितीवरची शांतताही लांबली, त्यामुळे ध्यानाची बैठकही लांबली. पाय आखडायचे, पाठी भरून यायच्या, पण 'डोळे उघडा' असा आवाज येईपर्यंत कुणी हलायचं नाही, हाही एक नियमच होऊन बसला होता.

मागच्या भिंतीशी बसणाऱ्या उखर्डू आबांना साखरेचा आजार होता. सकाळी गोळी घेऊन ते बैठकीला यायचे आणि बैठक संपली की लगेच खायचे. त्यांची सून ज्योत्स्ना भाकरीचा डबा घेऊन दाराशी उभी राहायची. बैठक लांबू लागली तशी तिची घालमेल सुरू झाली.

"मामाजी, गोली घेऊन इतकी देर उपाशी नका राहू," ती म्हणायची. "डॉक्टरसाहेबनं किती समजवलं तुम्हाला. मधात उठून खाऊन घ्या ना."

"गुरुजी सांगत नही तवर कसा उठू पोरी?" आबा म्हणायचे. "जागा माझी आहे म्हणून मीच नियम मोडू?"

दुसरी चिंता माईंना होती. त्या डोळे मिटून बसायच्या, पण त्यांच्या कपाळावर आठी असायची. एकदा बैठक संपल्यावर त्या भूषणला म्हणाल्या, "बेटा, हे यंत्र बिघडलंय. हा त्यांचा आवाज नाही."

भूषणनं कानांवर हात ठेवले. "माई, तुम्ही असं बोलू नका. लोकांची श्रद्धा तुटेल."

"अरे, मी त्यांच्यासोबत जन्म काढला. ते इतके भरभर बोलायचे की मला दोनदा विचारावं लागायचं."

"तेव्हा ते देहात होते, माई," भूषण हळूच म्हणाला. पदर सावरून त्या निघून गेल्या.

मग तो दिवस उजाडला. सूचना झाल्या, साधू साधू झालं, शांतता सुरू झाली. माझा पट्टा त्या दिवशी फारच घसरत होता. बाहेर ऊन केळीच्या पानांवर चढलं, तरी माझ्यातून शेवटची सूचना येईना. भिंतीशी उखर्डू आबांना दरदरून घाम सुटला होता. त्यांची बोटं थरथरत होती. दारातून ज्योत्स्नानं ते पाहिलं आणि ती ओरडली, "मामाजी!"

"शू!" पुढून कुणीतरी म्हणालं.

आबा एका कुशीवर कलंडले. तेव्हाही, मित्रांनो, अर्ध्या शेडचे डोळे मिटलेलेच होते. माई मात्र उठल्या. या वयात गुडघ्यांवर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागायचा, पण त्या दिवशी त्या कशा उठल्या ते मला कळलंच नाही. त्यांनी मागे जाऊन आबांचं डोकं मांडीवर घेतलं, उपाशीपोटी गोळीनं साखर उतरली हे ओळखून ज्योत्स्नाकडून साखरेचं पाणी करून घेतलं आणि आबा हाकेला ओ देत होते तोवर घोटाघोटानं पाजलं. बऱ्याच वेळानं आबांची नजर स्थिर झाली. माझ्या जीवात जीव आला, असं मी म्हणतो, कारण मला दुसरे शब्द येत नाहीत.

आबांचा पहिला प्रश्न काय असावा? "बैठक मोडली का माझ्यामुळे?"

"नाही आबा," भूषण जवळ येत म्हणाला. "गुरुजींनी तुमची परीक्षा घेतली, आणि..."

"परीक्षा!" माई इतक्या मोठ्यानं कधीच बोलल्या नव्हत्या. "जो माणूस कुणाला पाया पडू देत नव्हता, तो एका म्हाताऱ्याला उपाशी मारून परीक्षा घेईल? भूषण, तू त्यांच्या उशाशी बसला होतास. डोळे मीट आणि हा आवाज नीट ऐक. मी सांगते म्हणून नाही, लोक सांगतात म्हणून नाही. मग मला सांग, ते असे बोलायचे का?"

त्यांनी सुरकुतल्या बोटांनी माझी फीत मागे घेतली आणि बटण दाबलं. मला हात लावण्याची हिंमत भूषणखेरीज प्रथमच कुणी केली होती. माझ्यातून तोच जड, ओढलेला आवाज निघाला. भूषण डोळे मिटून उभा राहिला. सगळी शेड त्याच्याकडे बघत होती. त्याला 'हो' म्हणणं किती सोपं होतं! त्याची सगळी प्रतिष्ठा त्या एका शब्दावर होती. पण भाऊंनी त्याला जे आहे ते तसंच बघायला शिकवलं होतं, आणि त्यांचं शिकवणं फुकट गेलं नव्हतं.

"नाही माई," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "ते असे नव्हते बोलत."

त्यानं स्वतःच्या हातांनी माझा हार काढला. झाकण उघडलं तर आत राखेचा थर. तो बघून पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्याच दुपारी तो मला इतवाऱ्यात घेऊन गेला. नवा पट्टा बसला, आतलं सगळं पुसून झालं आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये भाऊ पुन्हा भरभर बोलले. मध्येच खोकलेही. माईंनी तोंडाला पदर लावला, आणि त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला आजही ठरवता येत नाही. घड्याळ भिंतीवर परत आलं. ज्योत्स्नानं आवाज मोबाइलमध्ये घेतला, भूषणनंच तिला बोलावून तसं सांगितलं.

खोटं कशाला बोलू, काहींनी येणं सोडलं. हा आवाज अगदीच साधा वाटतो, आधीचा बरा होता, असं ते म्हणत. माझा त्यांच्यावर राग नाही. मी आता चौरंगावर नाही, खिडकीतल्या फळीवर असतो. ज्योत्स्ना मला कोरड्या फडक्यानं पुसते आणि महिन्यातून एकदा झाकण उघडून बघते. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल, एखादा थोर माणूस तुम्हाला प्रिय असेल. त्यांना फुलांखाली झाकून टाकू नका. त्यांना उघडून बघा, प्रश्न विचारा, त्यांना साफ ठेवा. माझ्यासारख्या म्हाताऱ्याची एवढीच विनवणी आहे.

काल सकाळचीच गोष्ट. सगळे डोळे मिटून बसले होते. मी भाऊंच्या सूचना देत होतो. ऐन मध्यात उखर्डू आबांनी डोळे उघडले. क्षणभर ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. बोटं जराशी थरथरत होती. मग भिंतीला धरून ते सावकाश उठले, भाऊंचं वाक्य अर्ध्यावर सोडून दाराबाहेर गेले आणि केळीच्या सावलीत बसून त्यांनी भाकरीचा डबा उघडला. कुणी शू म्हटलं नाही. भूषणनं फक्त थोडं सरकून त्यांना वाट करून दिली. मी बोलत राहिलो, आबा जेवत राहिले, आणि मोतीरामभाऊंचा इतका खरा शिष्य मी आजवर पाहिला नव्हता.