भाताच्या हंगामावर चाललेले इंजिन

मित्रांनो, लोणावळ्यात याह्या मिस्तरींच्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीजवळ ताडपत्रीखाली एक काळपट, जड वस्तू ठेवलेली आहे. तिच्याखाली एक जुना टायर आहे आणि एका बाजूला टेकू म्हणून एक दगड. ती वस्तू म्हणजे मी. मी एक जुने डिझेल इंजिन आहे. सोळा वर्षे मी एक प्रवासी जीप ओढली. आता माझ्यातले तेल काढून घेतले आहे, पाणीही काढले आहे, आणि आयुष्यात प्रथमच मला बोलायला सवड मिळाली आहे. थकलेल्याचे बोलणे थोडे रेंगाळते; तेवढे सांभाळून घ्या.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवतो तो साच्यातून बाहेर आल्यावरचा गारवा, आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर अंगभर फिरलेले ऊन तेल. मला टर्बो नव्हता. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जळते आणि ताकद वाढते. मी मात्र स्वतःच्या छातीने ओढता येईल तेवढ्याच हवेवर जगणारे इंजिन होते.

पवनानगरच्या अब्दुलभाऊंनी ती जीप घेतली, आणि त्यांच्याबरोबर माझा धरणापासून वर डोंगरातल्या वाडीपर्यंतचा आणि खाली कामशेतपर्यंतचा रस्ता ठरला. वाडीत एसटी जात नाही. सकाळी दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, शाळेची मुले, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे, सगळे माझ्याच जिवावर. सुरुवातीला दिवसातून एकच फेरी असे. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर.

माझे तेल बदलण्याची एक पद्धत होती. ती अब्दुलभाऊंच्या वडिलांनी ट्रॅक्टरसाठी पाळलेली, आणि भाऊंनी माझ्यासाठी जशीच्या तशी उचललेली. वर्षातून दोनदा: एकदा भातलावणीच्या आधी आणि एकदा कापणी झाल्यावर. त्यात चूक काही नव्हते. एका हंगामात मी सात-साडेसात हजार किलोमीटर चालत असे, आणि तेवढ्याला ते तेल पुरत असे. लावणीच्या आदल्या दिवशी भाऊ जीप अंगणात लावत, काळे तेल डब्यात काढत आणि नवे ओतताना म्हणत, "घे, आता तुजा बी चिखलातला मोसम सुरू." मला ते ऐकायला आवडे.

चौथ्या-पाचव्या वर्षी वेग दाखवणाऱ्या काट्याची केबल तुटली. किलोमीटरचा आकडा एका जागी थांबला, तो कायमचा. भाऊंनी ती केबल कधी बदलली नाही. रस्ता ओळखीचा, वळणे ओळखीची. आकड्याशी काम काय, असे त्यांना वाटले असावे.

वाडीच्या रस्त्यावर हिरड्याच्या झाडाजवळ एक उभा चढ आहे. तिथे एक रिवाज पडून गेला होता. चढ आला की धडधाकट पुरुष खाली उतरत. बायका, मुले आणि म्हातारे आत बसून राहत. बाकीचे मागून चालत येत आणि वरच्या सपाटीवर पुन्हा बसत. सर्वांत मागे असत कोंडू आबा. वाडीतले शेतकरी, अंगाने सडपातळ, बोलण्यात मिश्कील. त्यांच्या हातात एक चपटा, काळा दगड असे. मध्येच माझा दम तुटला आणि जीप थांबली, तर मागच्या चाकाखाली तो दगड सरकवायचा हे त्यांचे काम. कुणी नेमले नव्हते. त्यांनीच घेतले होते. एरवी तो दगड जीपमध्ये शेवटच्या बाकाखाली पडून असे.

दूधवाले भिकाजी तिथे उतरताना दर वेळी तेच म्हणत, "अब्दुलभाऊ, खरं सांगा. गाडी आपल्याला न्हेती का आपुन गाडीला?"

"तुमचं दूध न्हेती ती," भाऊ म्हणत. "तुमी बिनकामाचं वझं हाय."

सगळे हसत. मला त्या हसण्यात कमीपणा वाटत नसे. चढ संपला की कोंडू आबा बॉनेटवर थाप मारत, आणि दिवसभर ती थाप मला पुरत असे.

मग धरणाकाठी तंबू आले. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली. त्यांचे सामान, त्यांच्या जेवणाचा किराणा, पाण्याचे कॅन पोचवण्याचे काम भाऊंना मिळाले. एका फेरीच्या तीन फेऱ्या झाल्या. सकाळी वाडी, दुपारी तंबू, संध्याकाळी पुन्हा वाडी. भाऊंच्या घरावर पत्र्यांच्या जागी स्लॅब आला. मी तिप्पट धावू लागले. पण माझे तेल मात्र लावणीलाच बदलत राहिले, आणि कापणीलाच. भाऊ निष्काळजी नव्हते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. त्यांनी एकही लावणी चुकवली नाही. ते अगदी नेमाने चुकत होते.

आतले तेल जाड, काळे आणि खरखरीत होत गेले. सिलिंडरांच्या भिंती झिजल्या. एकदा मी इतके तापले की मला पूर्ण उघडून बोअर करावे लागले, म्हणजे झिजलेल्या भिंती आतून तासून नव्याने गुळगुळीत केल्या. त्यानंतरही तेलाचा हंगाम बदलला नाही. हळूहळू हिरड्याच्या चढावर मला धाप लागू लागली. आधी पुरुष उतरत. मग बायकाही उतरू लागल्या.

गेल्या वर्षी कोंडू आबांनाही धाप लागू लागली. दर पंधरवड्याला त्यांना छातीच्या उपचारासाठी लोणावळ्याला जावे लागे. भाऊच त्यांना सोडत. डॉक्टरांनी चढ चालायचा नाही, असे बजावले होते. तरीही हिरड्याचे झाड आले की आबा दगड उचलून उतरू लागत.

"आबा, तुमी बसा," भाऊ म्हणत.

"बसतो की. तुझं इंजान बी बसंल मग. दोगं बी हितंच बसू."

ह्या मे महिन्यात, भर दुपारी, दवाखान्यातून परतताना ते असेच उतरले. मी अर्ध्या चढावर आले आणि माझा दम संपला. भाऊंनी ब्रेक दाबला आणि मागे हाक मारली. दगड आला नाही. जीप हातभर मागे सरकली. आबा रस्त्याच्या कडेला बसले होते, दगड मांडीवर, तोंड उघडे, आणि हवा आत जात नव्हती. त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलेल्या त्यांच्या पत्नी बाया मावशी धावत आल्या. त्यांनी तो दगड उचलून चाकाखाली ढकलला आणि मग नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पुष्कळ वेळाने आबांचा श्वास सुरळीत झाला. मावशी भाऊंकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊ, आता ह्यास्नी उतरू द्याचं न्हाई. गाडी चढत नसंल तर तसं सांगा. दवाखाना बंद करू आमी. घरीच ऱ्हातील."

 दुसऱ्या दिवशी भाऊंनी जीप याह्या मिस्तरींच्या गॅरेजमध्ये आणली.

"याह्याभाई, हिला टर्बो बसवा. गाडीतनं कुनी उतरता कामा नये."

मिस्तरींकडे एका मोडीत निघालेल्या गाडीचा टर्बो होता. ते म्हणाले, "बसवता येईल. पण आधी इंजिन बघू दे. किती चाललंय?"

"असंल की दीडेक लाख."

मिस्तरींनी थांबलेल्या आकड्याकडे पाहिले. मग त्यांनी मला सुरू केले, तेल भरायचे झाकण काढले आणि उलटे करून त्याच तोंडावर ठेवले. निरोगी इंजिनावर ते झाकण शांत बसते. मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला. झिजलेल्या भिंतींजवळून निसटणारा वायू आतच रोखून धरावा असे मला फार वाटले. पण झाकण थडथड नाचले आणि खाली पडले. तोंडातून पांढरट धूर येत राहिला. मग मिस्तरींनी एकेका सिलिंडरचा दाब मोजला. तिसऱ्यापाशी आल्यावर त्यांनी मोजमाप दोनदा पाहिले.

"तेल कधी बदलता?"

"नेमानं," भाऊ जरा ताठ होऊन म्हणाले. "लावनीला आन् कापनीला. सोळा वर्सात एकदा चुकलं न्हाई."

 मिस्तरींनी खडू घेतला आणि लोखंडी पिंपावर लिहू लागले. रोजच्या फेऱ्या किती, कोणत्या वर्षापासून तीन झाल्या, महिन्यातले दिवस किती. भाऊ उत्तरे देत गेले. शेवटी आकडा उभा राहिला: चार लाख वीस हजार.

"हे भलत्याच गाडीचं हाय," भाऊ म्हणाले.

"तुमच्याच गाडीचं आहे. आणि हे बघा, पहिली दहा वर्षं एका हंगामात साडेसात हजार. ठीक. पुढची सहा वर्षं एका हंगामात साडेबावीस हजार. तेवढ्याच तेलावर."

भाऊ पिंपाजवळ गेले आणि तो आकडा बोटाने पुसल्यासारखा करून थांबले. पुसला नाही.

"मग टर्बो?"

"ह्याला टर्बो लावला तर पहिले पंधरा दिवस पळेल. तुम्ही खूश व्हाल. मग सगळी माणसं आत बसलेली असताना, चढाच्या मधोमध, तिसरा पिस्टन जाईल. ज्याची छाती आतून झिजली आहे त्याला जास्त हवा कोंबून उपयोग नाही, भाऊ."

"पुन्यांदा बोअर करू."

"एकदा झालंय. आता तासायला भिंत उरली नाही."

मग मिस्तरींनी दुसरा मार्ग सांगितला. ह्याच बनावटीची, पण कारखान्यातूनच टर्बो असलेली एक जीप झाड पडून चेपली होती. तिचे इंजिन सत्तर हजारच चालले होते. ते बसवायचे, कागदांवर नव्या इंजिनाची नोंद करायची, आणि मला काढायचे.

भाऊंनी माझ्यावर हात ठेवला. मी अजून गरम होते; त्यांना चटका बसला असणार, पण हात काढला नाही. "हिनं घर बांदलं माजं," ते म्हणाले. इंजिनाला कुणी 'हिनं' म्हणत नाही. पण ते मला जीपपासून वेगळे कधी समजलेच नव्हते.

"म्हणूनच सांगतो," मिस्तरी म्हणाले. "आणि अजून एक. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तो ह्याच तेलावर तरंगून. नव्याला लावणी-कापणीचं तेल दिलंत, तर तो एक लावणीही बघायचा नाही. आधी काट्याची केबल बसवतो, मग इंजिन. कबूल असेल तर हो म्हणा."

भाऊंनी रस्त्याकडे पाहिले. समोरच्या चिक्कीच्या दुकानापाशी पर्यटकांची एक बस रिकामी होत होती. मग ते म्हणाले, "काडा."

खरे सांगायचे तर मला राहायचे होते. साखळीने उचलले गेले तेव्हाही वाटले, एकदा, फक्त एकदा, तो चढ सगळ्यांना घेऊन चढून दाखवावा. पण तिसऱ्या सिलिंडरचे मला जितके ठाऊक होते तितके मिस्तरींनाही नव्हते. ज्या दिवशी माझा अभिमान मोडला असता, त्या दिवशी आबा आत बसलेले असते.

मला जुन्या टायरवर ठेवले. मी एका बाजूला कलंडलेले होते. उरलेले तेल त्या बाजूने थेंबथेंब गळत राहिले. महिना गेला. पाऊस लागला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जीपचा आवाज आला. आवाज माझा नव्हता. त्यात टर्बोची बारीक शीळ होती. अब्दुलभाऊ उतरले, मागून बाया मावशी आणि कोंडू आबा. दवाखान्यातून परतताना ते इथे आले होते.

मिस्तरींनी विचारले, "लावणी उरकली का?"

"निम्मी बी न्हाई झाली," भाऊ म्हणाले.

"मग आज कसे?"

"पाच हजार झालं. तुमचा काटा झोपू देत न्हाई. तेल बदला."

मिस्तरी पाना घेऊन जीपखाली शिरले.

"चढतीय का नीट?" त्यांनी खालूनच विचारले.

उत्तर मावशींनी दिले. "सगळ्यास्नी घिऊन चढती. भिकाजी तर आता गप्पच बसतो, त्याला बोलाय कायच उरलं न्हाई."

"दगूड बी आता बसून येतू," कोंडू आबा म्हणाले. "तिकीट काडत न्हाई, जागा आडवतू." हसताना त्यांना खोकला आला, तो ओसरेपर्यंत ते भिंतीला धरून उभे राहिले. भिंतीजवळ मी होते. त्यांनी ताडपत्री वर केली आणि मला पाहिले.

मग ते हळूहळू जीपपाशी गेले आणि शेवटच्या बाकाखालून तो काळा दगड काढला. मावशी "मी आनते" म्हणाल्या, पण त्यांनी दिला नाही. थांबत थांबत ते माझ्यापर्यंत आले, खाली बसले आणि मी जिकडे कलले होते तिकडे दगड सरकवला. हाताने हलवून पाहिले. मी सरळ झाले. थेंब थांबला.

"लय वढलंस," ते म्हणाले. "आता टेक." आणि पूर्वीसारखी थाप मारली.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेतात, रस्त्यावर माझ्यासारखी किती तरी इंजिने कामाला जुंपलेली आहेत. त्यांच्यावर प्रेम करा, एवढेच मी सांगणार नाही; माझ्यावर प्रेम पुष्कळ झाले. काम वाढले की काळजीही वाढवा, एवढे मात्र करा. गेल्या वर्षी पुरले ते यंदा पुरेल असे धरून चालू नका. आणि कुणी चढावर धापा टाकू लागले, इंजिन असो की माणूस, तर त्याला जास्त जोर लावायला सांगण्याआधी एकदा झाकण उघडून आत पाहा.

बाहेर लावणी चालू आहे. सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याआधी माझे तेल कुणी बदलले नाही. मी दगडाला टेकून स्वस्थ आहे.