तीन गिअर मागचे, एक पुढचा

भावसिंगने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी झपकन कडब्याच्या गंजीत घुसली. गंजी गाडीच्या मागे होती.

लग्नाला सगळा तांडा जमला होता. पोरंसोरं फिदीफिदी हसू लागली, आणि त्यांना दटावता दटावता म्हातारेही हसू लागले. चुकून रिव्हर्स पडला असेल, असं मनाशी म्हणत भावसिंगने डोक्यावरचा कडबा झटकला आणि दांडा नीट चाचपून दुसरा गिअर टाकला. गाडी आणखी जोरात गंजीत शिरली.

"भावसिंग, निंघ बाहेर आता," तांड्याचा नायक खेमसिंग मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "माहा बैल सजवून उभा आहे केव्हाचा."

सासरी निघताना मुलीने सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं राहायचं, दोन्ही हात वर करून रडत रडत हवेली गायची, म्हणजे बापाच्या तांड्याचं भलं मागायचं आणि मग खाली उतरून निघायचं, ही आज्यापणज्यांपासूनची रीत. बैल दर वेळी नायकाचा. बाभुळगावच्या जिनिंगमध्ये फिटर असलेल्या भावसिंगला आपले आजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले याचा अभिमान होता; पण बैल हा विषय आता संपला, असं त्याचं स्पष्ट मत होतं. मागच्या होळीला तो भर बैठकीत बोलून गेला होता, "माही पोरगी बिजली हवेली गाईन तं माह्या मोटरीत उभी राहून. नाही तं मी जन्मात मोटरीले हात लावणार नाही." हे ऐकायला सगळा तांडा होता आणि तांड्याची आठवण पक्की असते.

मोटर त्याने स्वतः बांधली होती. जिनच्या शेठच्या कॅलेंडरवर शर्यतीची एक मोटर होती, थेट तशी. लिलावातल्या लष्करी जीपचा इंजिनासकट सांगाडा, मोगरीने ठोकून ठोकून गोल केलेला पत्रा, दोनच सीट, टप नाही. एवढं झाल्यावर जीपचं इंजिन फुटलं. तेव्हा यवतमाळच्या भंगारातून त्याने एका फिरंगी मोटरीचं इंजिन आणलं. त्या मोटरीची ओढायची ती पुढची चाकं. मागची नुसती मागून यायची. भावसिंगने विचार केला, पुढे बसून हे पुढची चाकं फिरवतं, तर मागे बसवलं की मागची फिरवील. इथवर बरोबर होतं. पण तसंच्या तसं ठेवलं तर अर्धं इंजिन गाडीच्या मागे लोंबत होतं, आणि शर्यतीच्या गाडीला ते शोभेना. म्हणून त्याने गिअरबॉक्ससकट सगळं इंजिन उलट तोंडाने बसवलं. झकास मावलं. आता चाकंही उलटी फिरणार, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि लग्नाच्या धांदलीत चालवून बघायला वेळ कुठला.

गंजीत बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात उजेड पडला. तिन्ही गिअर मागे नेणारे झाले होते. पुढे जायला उरला होता फक्त मूळचा रिव्हर्स. तो टाकल्यावर गाडी किंचाळत गंजीतून बाहेर आली, आणि मांडवापर्यंत येईस्तोवर तिचं पाणी उकळलं.

"किती येळ लागते सुधरवाले?" त्याच्या बायकोने, रुपीबाईने विचारलं.

"दोन दिवस. सारं खोला लागते."

"पोरगी आत्ता चालली ना!"

व्याही उत्तमसिंग मानी माणूस. तो म्हणाला, "आमची सून उलटी येईन? लोक तोंडात शेण घालतीन आमच्या. बैलावर गाऊ द्या आन बसवा बैलबंडीत."

भावसिंग खाली उतरला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "आण तुहा बैल," तो खेमसिंगला म्हणाला.

तेवढ्यात बिजली उठून गाडीपाशी आली. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बापू, हे मागं चालते तं चांगली चालते का?"

"बैलाच्या बापाले ऐकत नाही. पण मागं."

"आन माहं तोंड कोनीकडे राहीन?"

भावसिंगला रोख कळेना. "सीट जिकडे आहे तिकडेच. तांड्याकडे."

"सासरपर्यंत?"

"सासरपर्यंत."

बिजलीने घागरा सावरला आणि ती गाडीत चढली. "मंग मी याच्यातच जाईन. बैलावरून उतरलं का पाठ फिरवा लागते. माह्यानं ते होत नाही."

उत्तमसिंगने मुलाकडे पाहिलं. नवरदेव भीमसिंग इतका वेळ गाडीचाच पत्रा चाचपत होता. "येऊ द्या ना, बुवा," तो बापाला म्हणाला. "पोहचली म्हणजे झालं."

वऱ्हाडाच्या बंड्या पुढे निघाल्या. भावसिंगने गाडी वळवून तिची पाठ रस्त्याकडे केली, उजव्या खांद्यावरून मान मागे फिरवली आणि पहिला गिअर टाकला. बिजली समोरची काच धरून उभी राहिली आणि गाऊ लागली. तांडा पुन्हा हसला. मग एकेक जण हसायचा थांबला. तिची याडी, म्हणजे आई रुपीबाई, गाडीच्या तोंडासमोर चालत होती. चालता चालता ती मागे पडली.

भावसिंगला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला दिसत होता रस्ता, बंड्यांची धूळ आणि बाजूचं पऱ्हाटीचं वावर. तो तिसऱ्या गिअरपर्यंत पोचला तेव्हा गाणं थांबलं.

"गेला का तांडा?"

"नाही. याडी दिसून राह्यली अजून. हात वर केला तिनं."

भावसिंगने दुसरा गिअर टाकला. थोड्या वेळाने पहिला. बंड्या लांब निघून गेल्या, आणि शर्यतीची ती मोटर माणसाच्या पावलाने चालू लागली.

"आता नाही दिसत," बिजली म्हणाली आणि खाली बसली. "बापू, मान दुखली असन तुमची. थांबा जरासे. इकडे पाहा."

"नाही दुखत," भावसिंग म्हणाला, आणि त्याने मान तशीच मागे ठेवली.