इसातूच्या देशातली शांतता

“घे ना, तोंड गोड कर! संपली की तुमची लढाई!” वैजयंतीने पेढ्यांचा डबा पुढे केला.

इसातूने पेढा घेतला, पण तो हातातच राहिला. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत दोघी चार वर्षं एका टेबलाशी काम करत होत्या. बोलणं इंग्रजीतच, पण आपापल्या गावच्या इंग्रजीत. इसातू आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची. युद्धात नवरा गेला, घर जळलं, आणि ती जीव घेऊन इथे आली. २००२च्या जानेवारीत तिथे युद्ध संपल्याचं जाहीर झालं, बंदुकांची होळी टीव्हीवर दिसली, आणि वैजयंतीने लगेच दूध पावडरचे पेढे वळले. चांगल्या बातमीला तोंड गोड करायचं, एवढंच तिला ठाऊक.

“आंटी, माझा व्हिसा टेम्पररी आहे,” इसातू म्हणाली. “आता होम ऑफिस म्हणेल, युअर कंट्री इज सेफ, गो होम. कुणाकडे जाऊ? बहीण तीन मुलं घेऊन एका खोलीत राहते.”

डबा कुठे लपवावा, ते वैजयंतीला कळेना.

त्या वर्षी तिच्या घरात सिएरा लिओन रोज जेवायला बसलं. नवरा गिरीश कारच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला, त्याला बातम्यांशिवाय उद्योग नव्हता.

“अगं, मेमध्ये इलेक्शन आहे म्हणे. चांगलं चाललंय तुझ्या मैत्रिणीच्या देशात.”

“डोंबलाचं चांगलं! अहो, बंद करा तो टीव्ही.”

दिवसभर वाफेत उभं राहून तिचे गुडघे बोलायला लागलेले असत. तशातच ती देवापुढे दिवा लावी, हात जोडी आणि म्हणे, ‘देवा, तिथे थोडंसं काहीतरी होऊ दे. फार नको. कुणी मरायला नको. पण थोडंसं.’ असं मागणं तिने जन्मात मागितलं नव्हतं. मागून झालं की तिला स्वतःचीच लाज वाटे, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच मागे.

देवाने ऐकलं नाही. मतदान शांततेत पार पडलं. दुसऱ्या दिवशी इसातू डोक्याला पिवळाजर्द रुमाल बांधून आली आणि ट्रॉल्यांच्या मधे चक्क दोन पावलं नाचली.

“माझी सिस्टर पहाटेपासून लाइनमध्ये उभी होती, आंटी! तिने व्होट केलं!”

वैजयंतीला राहवेना. तिने देवाकडे काय मागितलं ते सांगून टाकलं. इसातू आधी हसली, मग तिचे डोळे भरले.

“मीपण मागितलं होतं. जानेवारीत. मग सिस्टरची मुलं आठवली.”

तेवढ्यात नवी ट्रॉली आली आणि दोघी कामाला लागल्या.

सप्टेंबरात इसातू नेहमीसारखी हजेरीची सही करायला इमिग्रेशनच्या ऑफिसात गेली आणि देशाबाहेर धाडायला तिला तिथेच अटकेत ठेवलं. दोन दिवसांनी वैजयंतीच्या घरी फोन आला.

“आंटी, सॅटर्डेची फ्लाइट आहे. मॅनेजरला सांगशील? मी न सांगता काम सोडलं नाही.”

“अगं, ते राहू दे. तुझं काय?”

“सांग मात्र,” इसातू म्हणाली, आणि फोन कट झाला.

लॉकरमध्ये तिचा कामाचा निळा कोट लटकत होता. मॅनेजर म्हणाला, टाक त्या धुण्याच्या ढिगात. वैजयंतीने तो घडी घालून घरी नेला आणि बाथटबमध्ये हाताने धुवायला घेतला.

“अगं, तुमच्याकडे एवढी मशिनं असताना?” गिरीशने विचारलं. तिला रडू येत होतं आणि हात साबणाचे होते.

सोमवारी तिने इस्त्री केलेला कोट मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

“इसातूचा आहे,” ती म्हणाली. “ती सांगून गेली आहे.”