परातीतलं लाल पाणी

"उतरलं! तुंबलेलं रक्त उतरलं!" उतारबाबा गरजला.

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बायका खुर्च्यांवर चढून बघत होत्या. आजार उतरवून देतो म्हणणाऱ्या या बाबाने माझ्या सोळा वर्षांच्या भाचीच्या तळव्यांना पिवळा लेप चोळला, हात परातीतल्या नितळ पाण्यात बुडवले आणि पाणी लालभडक झालं. तिच्या आईला, माझ्या ताईला, तर रडूच फुटलं.

"पाळी महिनोन्महिने अडली, तेच रक्त डोळ्यांत चढून पिवळं पडलं," बाबा घोळवून घोळवून सांगत होता. "आता डॉक्टरची गोळी पोटात गेली, तर पोरगी हातची जाईल."

भाचीला धड उभंही राहवत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या मुलीसाठी परातीत नवं पाणी ओतलेलं होतं. मी पुढे झाले, लेपाचा गोळा उचलून बाबाच्याच तळव्यांना फासला आणि मनगटं धरून हात पाण्यात दाबले. पाणी लाल!

"अगं बाई!" मी ओरडले. "बाबांचीही पाळी तुंबली होती!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खा हॉल हसला.

"भस्म होशील!" बाबा किंचाळला.

"होईन की. आधी पोरीला दवाखान्यात पोचवते."

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण इथे शाळा कशाला हवी? लेप हळदीचा, पाण्यात धुण्याचा सोडा. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे तिथल्या प्रत्येक बाईने धुणं धुताना पाहिलेलं. हॉलमध्ये मात्र कुणालाच आठवलं नाही. ताईलाही नाही.

"हिची रोगप्रतिकारशक्ती हिच्याच यकृतावर उलटलीय," दवाखान्यात तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृत सुजलं की संप्रेरकांचा तोल जातो, पाळी थांबू शकते. आणखी उशीर केला असतात, तर यकृत गेलं असतं."

औषधं लागू पडली. भाची सावरते आहे.

"झालं गेलं, जाऊ दे आता," ताई म्हणाली. मी जाऊ दिलं नाही. पोलिसांत तक्रार मीच केली. कोर्टात न्यायाधीशांसमोर बाबाच्या हातांनी पाणी पुन्हा लाल झालेलं मला बघायचं आहे, आणि तेव्हा मी पोटभर हसणार आहे.

पाळी चुकली की दर वेळी यकृतच बिघडलेलं असतं असं नाही. पण ती महिनोन्महिने आली नाही, तर मुलीला डॉक्टरकडे न्या. सोबत थकवा असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर आजच न्या. रक्त तपासायचं ते सुईने, परातीत नाही.