पाठीवरची चौकट

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या पाठीवर कुणीतरी शाईने चौकट काढली आहे आणि ती तुम्हाला दिसत नाही. काय आहे ते दुसऱ्याने सांगायचं, तुम्ही विश्वास ठेवायचा. भाईदासनाना धुळ्याच्या धर्मशाळेत असेच पालथे पडले होते, आणि त्यांची नात मंदा पाठ न्याहाळत होती.

"जांभळी हाये, नाना. चारी बाजूंनी रेघा. मधी टाक्यांचा वण."

"पुसून टाक, माय."

नानांची हयात रावेरकडच्या केळीच्या बागांत गेली. व्यापाऱ्याच्या वतीने हिंडायचं, घड चाचपायचा, तयार दिसला की त्यावर गेरूची रेघ ओढायची. मागून कोयता यायचाच.

नानांच्या मणक्यात कर्करोगाची गाठ झाली होती. पाय लुळे पडू लागले, तेव्हा ऑपरेशन करून ती काढली, मणक्याला सळ्यांचा आधार दिला. नाना भिंत धरून उभे राहू लागले. मग आता हा विजेचा शेक, डॉक्टर म्हणतात ते रेडिएशन, कशाला? गाठ निघाली म्हणता, तर पाठीवर या खुणा कशाच्या? मुलगा मोतीलाल नजर का चुकवतो? आणि शेक देताना सगळे नानांना एकटं टाकून खोलीबाहेर का पळतात?

सकाळी दवाखान्यात कोरी पाठ पाहून शेक देणाऱ्या सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"नाना, रेघा कुठं गेल्या?"

"घामानं गेल्या असतीन."

मंदा खाली मान घालून उभी होती. सुनंदाबाई तिच्याकडे वळल्या. "सुरीनं मोठी गाठ निघते गं. पण मणक्याच्या आतल्या नाजूक दोरीला चिकटलेलं जे राहतं, तिथं सुरी चालवली तर पायच जातील. ते शेकानं मारायचं. रेघ नसली तर शेक भलतीकडे लागेल. गाठ परत वाढली, तर नाना पुन्हा उभे राहायचे नाहीत."

"म्हंजे कापणार नई?" नानांनी विचारलं.

"नाही हो."

"कापणार म्हून मी बी घडाले कधी सांगलं नई," नाना पुटपुटले.

"नाना, त्या कायले खोटं बोलतीन?" मोतीलाल म्हणाला.

"तू गप. तुले इचारलं का?"

बाईंनी पुन्हा मापं घेऊन नवी चौकट काढली.

संध्याकाळी मोतीलाल जेवण आणायला गेला, तसं नानांनी मंदाला हाक मारली. "फडकं घे, माय. आता तुह्यावरच इस्वास हाये."

मंदाने बादलीत फडकं बुडवलं आणि घट्ट पिळलं. मग खांदे पुसले, कंबर पुसली. रेघ आली की ती हात उचलायची.

"गेली का बठ्ठी? येक बी रेघ नई ना?"

"बठ्ठी गेली, नाना."

"पाणी दाखव बरं. जांभळं झालं असीन."

"ते तं ओतलं," मंदा म्हणाली. मग भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून ती मोरीत गेली आणि आवाज होऊ नये म्हणून भिंतीला टेकवून हळूहळू रिकामी करू लागली.