साबणावर फिरलेली अंगठी

दोरेबुवांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आया पुढे, पोरी मागे, आणि पोरींच्या माना खाली. काय तर म्हणे, दोऱ्याला बांधलेली अंगठी आईने लेकीच्या तळहातावर धरायची. गोल फिरली तर पोर चोख. सरळ हलली तर पाऊल घसरलंय!

"मी हातसुद्धा लावत नाही," बुवा दोन्ही पंजे नाचवत म्हणत. "आईचा हात, आईची लेक. सत्य आपोआप हलतं! बोला ताई, मनात काही शंका?"

"शंका म्हणजे... हल्ली ही आरशासमोरून हलत नाही," इस्त्रीवाल्याची बायको पुटपुटली. अंगठी थरथरली आणि सरळ हलायला लागली. खोलीभर "अगं बाई!" झालं. तिने तिथेच पोरीच्या थोबाडीत दिली. दुसऱ्या दिवसापासून त्या पोरीची शाळा बंद.

शिवणकामवाली मात्र "माझी पोर तसली नाही" म्हणाली, आणि तिच्या लेकीच्या हातावर अंगठी छान गोल फिरली. सुटले गं बाई, असं आईला झालं. पंधरा वर्षांची पोर धड जेवत नव्हती, मोबाईल वाजला की दचकत होती. पण आता विचारायचं कशाला? आणि असलं काही विचारायचं तरी कसं? तिला स्वतःला तरी तिच्या आईने कधी विचारलं होतं?

"माझी गुणाची गं ती," घरी ताट वाढताना ती म्हणाली.

लेकीने ताट बाजूला सारलं. "आई, तुझी अंगठी दोऱ्याला बांध."

"आता कशाला? झालं ना एकदा!"

"बांध तर."

लेकीने आईला पाठ फिरवायला लावली आणि टेबलावर टॉवेल पसरला. आई वळली तेव्हा लेकीचा हात कोपरापर्यंत टॉवेलखाली होता. "हा उंचवटा दिसतो ना, तो माझा पंजा. धर त्यावर."

अंगठी जरा डुलली, मग झोकात गोल फिरू लागली. आई खूश! लेकीने टॉवेल उचलला. उंचवट्याच्या जागी कपड्यांचा साबण होता.

"बघ, साबणसुद्धा चोख निघाला."

"चावटपणा पुरे!"

"बरं, पाठ फिरव. हात टॉवेलखालीच राहील, पण या वेळी उंचवटा साबणाचा."

या वेळी अंगठी ढिम्म. टॉवेलखालून निघाला लेकीचा पंजा.

"सायन्सच्या बाईंनी शाळेत करून दाखवलंय," ती म्हणाली. "मनात असतं तशी आपलीच बोटं कणभर हलतात, आपल्याला कळतही नाही. दोरा लांब, म्हणून खाली झोका मोठा. बुवा आधी शंका विचारून घेतो. घाबरलेल्या आईची अंगठी सरळ, निश्चिंत आईची गोल."

"मेला लबाड!" आई हसली. मग हसू ओसरलं. "म्हणजे तुझं..."

"माझं अंगठीला काय माहीत? तू विचारलंस का मला?"

 आईला ओरडावंसं वाटलं, हातही उठला असता. पण डोळ्यांसमोर इस्त्रीवाल्याच्या पोरीचा लाल गाल आला. ती खाली बसली. "सांग बाळा. मारणार नाही, ओरडणार नाही."

"क्लासबाहेर एक जण असतो. मोठा आहे, नोकरीवाला. आधी गोड बोलायचा. आता फोटो मागतो. खोलीवर ये, नाहीतर बदनामी करीन म्हणतो." पोरीने आईचा पदर धरला. "मी गेले नाही गं, आई."

"गेली असतीस तरी माझीच होतीस," आई म्हणाली आणि तिला कुशीत घेऊन रडली. किती दिवस हे पोर एकटं सोसत होतं, आणि आपण अंगठीकडे बघत बसलो!

दुसऱ्या दिवशी मायलेकी आधी सायन्सच्या बाईंकडे गेल्या, मग बाईंना घेऊन पोलिसांकडे. तो अजून सापडलेला नाही, आणि पोर अजूनही मोबाईलला दचकते. पण आता मोबाईल आईच्या हातात देते.

त्या दिवशी पोलिसांकडून परतताना शिवणकामवाली इस्त्रीवाल्याच्या दारात थांबली. हातात सकाळीच पिशवीत टाकून आणलेले टॉवेल आणि साबण. आत ती पोर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हे काय गं?" इस्त्रीवाल्याच्या बायकोने विचारलं.

"दोरा आण, तुझ्या डोळ्यांनी बघ. पोरीचं मन अंगठीला कळत नाही, बाई. ते तिला विचारावं लागतं, आणि ती सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं. पण आधी तिची माफी माग."

भिंतीकडचं तोंड हळूच इकडे वळलं.